वाण नाही, पण गुण लागला

आईच्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट दोन पानांचा होता. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. बोट ठेवून वरून खाली वाचत गेले. आर, आर, आर, आर. एस दिसायला पान उलटावं लागलं.

मावशी म्हणाली, “अगं, ताईच्या अंगाला गोळ्यांची सवय झालीय.”

घरोघर हाच शब्द आहे. मायेचा आहे, आणि चुकीचा. सवय माणसाला लागते आणि माणसाबरोबर संपते. आईच्या अंगात काहीच बदललं नव्हतं. बदललेला होता तिच्या मूत्राशयातला ई. कोलाय, आणि त्याचा बदल त्याच्याबरोबर संपणारा नव्हता. तो वारशात उतरला होता.

दुखण्याला चुकीचं नाव पडलं की उपायही चुकतो. सवय म्हटली की वाटतं, थोडे दिवस गोळ्या बंद ठेवू, मोडेल.

*

लॅबमध्ये ओळख होती, म्हणून प्लेट पाहायला मिळाली. तळहाताएवढी ताटली. त्यात फिकट पिवळसर अगार, आणि त्यावर जंतूंची दुधाच्या सायीसारखी पातळ वाढ. सायीवर कपाळाच्या टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवलेल्या, प्रत्येकीत एक औषध भिजलेलं. काही चकत्यांभोवती चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडलं होतं. तिथे जंतू मेले होते. काहींच्या अगदी कडेपर्यंत साय येऊन टेकली होती. तंत्रज्ञ मुलगी पट्टीने खळी मोजत होती, मिलिमीटरमध्ये. रिपोर्टवरचं एकेक अक्षर असं पट्टीने मोजून येतं.

दुसऱ्या कुणाच्या प्लेटमध्ये तिने मला एक गोष्ट दाखवली. खळं चांगलं मोठं होतं आणि त्याच्या आत, सगळे मेले त्या मोकळ्या जागेत, मोहरीएवढा एकच ठिपका वाढत होता.

त्या ठिपक्याने मला बरेच दिवस सोडलं नाही. सगळे मेले, हा कसा राहिला? औषध पाहून बदलला, की औषध येण्याआधीच वेगळा होता?

*

हाच प्रश्न १९४३ साली साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्र्युक यांनी सोडवला. दोघेही युरोप सोडून अमेरिकेत आलेले. त्यांच्या हाताशी औषध नव्हतं, जंतूंना मारणारा विषाणू होता, प्रश्न तोच. इंडियाना विद्यापीठातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात लुरिया नाणी टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्रापाशी उभे होते. यंत्र बराच वेळ काही देत नाही आणि मग एकदम ओंजळभर देतं. तिथे त्यांना सुचलं. जंतू जर विषाणू भेटल्यावर बदलत असतील, तर वेगवेगळ्या नळ्यांत वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी यायला हवी. बदल आधीच, केव्हातरी, आपसूक होत असेल, तर एखाद्या नळीत तो लवकर होऊन त्याचं गोकुळ झालेलं असेल आणि बाकीच्या कोरड्या असतील.

वीस नळ्यांच्या एका प्रयोगात अकरा नळ्यांत शून्य आलं. एकीत १०७.

पुढे १९५२ साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी तेच डोळ्यांना दाखवलं, मखमलीच्या तुकड्याने. ठसा उमटवावा तसा एका ताटलीतल्या वसाहतींचा ठसा मखमलीवर घेतला आणि औषधाच्या ताटलीवर टेकवला. जे ठिपके तिथे तगले, त्यांची मूळ भावंडं पहिल्या ताटलीत त्याच जागी सापडली. त्या भावंडांनी औषधाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

म्हणजे औषध कुणाला काही शिकवत नाही. ते चाळण लावतं. चाळणीत काय राहणार हे धान्यात आधीच ठरलेलं असतं. चाळण किती वेळा आणि कशासाठी हलवायची, एवढंच आपल्या हातात असतं.

*

क्षयाचा जंतू एकांडा आहे. तो शेजाऱ्याकडून काही घेत नाही. त्याचा सगळा प्रतिकार घरचा, स्वतःच्या गुणसूत्रातल्या चुकांचा.

चूक केवढी? रिफाम्पिसिन जिथे जाऊन चिकटतं, त्या प्रथिनाच्या जनुकात ८१ अक्षरांचा एक छोटा पट्टा आहे. त्यात एके ठिकाणी टीसीजी असतं. मधला सी जाऊन टी आला, की सेरीनच्या जागी ल्युसीन बसतं, खाच बदलते, औषध चिकटत नाही. जंतूच्या ४४ लाख अक्षरांमधलं एक अक्षर. सरकारी क्षयरोग केंद्रात बेडक्याचा नमुना घालून दोन तासांत उत्तर देणारं जे यंत्र असतं, ते हा ८१ अक्षरांचा पट्टाच वाचत असतं.

आयसोनियाझिडची गोष्ट मला जास्त हलवून गेली. गोळीत असतं तेव्हा ते जंतूचं काही वाकडं करत नाही. जंतूचंच एक विकर त्याच्यावर काम करतं आणि त्यातून विष तयार होतं. आपल्या हाताने आपलं मरण. वाचणारा जंतू त्या विकरात एक बदल घेऊन आलेला असतो, बहुतेकदा ३१५व्या जागी. विकराचं रोजचं काम चालू राहतं, विष बनवणं तेवढं थांबतं.

आणि गणित. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक निघतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत जंतू असतात कोटी ते शंभर कोटी. म्हणजे एकच औषध दिलं तर वाचणारा तिथे आधीपासून बसलेला आहे. दोन्ही मिळून दिली तर दोन्हींतून वाचणारा शंभर लाख कोटींत एक, इतके जंतू पोकळीत मावतच नाहीत. क्षयाच्या सुरुवातीच्या चार औषधांमागे हा गुणाकार उभा आहे. रोग्याने त्यातलं एक औषध परवडत नाही म्हणून सोडलं, किंवा एक दुकानात मिळालं नाही, की गुणाकार मोडतो आणि नुसता आकडा उरतो.

मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११च्या अखेरीस, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे क्षयाचे चार रुग्ण जगासमोर मांडले. ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ या शब्दावरून वाद झाला, तो शब्द सरकारने मानला नाही. शब्दाचं काय ते होवो. एका जंतूत एवढे बदल एका दिवसात जमत नाहीत. एकेक औषध एकेकटं देत गेलं की एकावर एक चढत जातात. त्या चार माणसांच्या जंतूंच्या गुणसूत्रात त्यांच्या उपचारांचा सगळा इतिहास लिहिलेला होता. एका खोलीत सहा जण झोपतात तिथे तो इतिहास खोकल्याबरोबर दुसऱ्याच्या छातीत जातो, आणि त्या दुसऱ्याने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नसते.

*

आईचा जंतू एकांडा नव्हता.

त्याची गोष्ट समजायला जपानात जावं लागतं. युद्धानंतरच्या वर्षांत तिथे शिगेल्लाची हगवण फार होती. १९५०च्या दशकात असे शिगेल्ला सापडू लागले की त्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन आणि क्लोरॅम्फेनिकॉल, चारही चालत नाहीत. चार चुका एका जंतूत एकदम होणं वरच्या गुणाकारात बसत नाही. शिवाय त्याच रुग्णाच्या शौचात साधा ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना दाद न देणारा निघायचा. १९५९ साली ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी दोन्ही जंतू एकत्र ठेवून पाहिले. ई. कोलायकडचा प्रतिकार शिगेल्लाकडे गेला. चारचा चार, एकदम. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली हे सगळं इंग्रजीत मांडलं तेव्हा बाकीच्या जगाचे कान टवकारले.

आपल्याकडे बैलांवरून एक म्हण आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. गोठ्यातल्या निरीक्षणातून आलेली म्हण. मला तर जंतूंची ही सगळी तऱ्हा त्या आठ शब्दांत दिसते. ई. कोलाय ई. कोलायच राहतो, शिगेल्ला शिगेल्लाच. वाण बदलत नाही. गुण मात्र शेजाराने लागतो.

आपली आनुवंशिकता उभी आहे: आजी, आई, मुलगी. नाकाचा शेंडा, चिडका स्वभाव, मधुमेह, सगळं वरून खाली. जंतूंमध्ये तीही आहे, आणि शिवाय एक आडवी आहे. आज, आत्ता, शेजाऱ्याकडून. आपल्या अंगात ती असती तर शेजारीण बाई गप्पा मारायला आल्या आणि जाताना त्यांचे घारे डोळे आपल्याला देऊन गेल्या, असं काहीतरी झालं असतं.

देणं कसं होतं तेही पाहण्यासारखं आहे. अशी शेजाऱ्याला देता येणारी प्रतिकाराची जनुकं बहुधा गुणसूत्रात नसतातच. त्याच्या बाहेर डीएनएचं एक वेगळं छोटं कडं असतं, प्लाझ्मिड. कडं बाळगणारा जंतू केसासारखा एक तंतू बाहेर सोडतो. तंतू शेजाऱ्याला चिकटला की आखडत जातो आणि दोघं अंगाला अंग लावून येतात. कड्याचे दोन पदर असतात. त्यातला एक सुटून पलीकडे जातो, एक मागे राहतो, आणि दोन्हीकडे दुसरा पदर नव्याने विणला जातो. काही मिनिटांचं काम. शेवटी दोघांकडे अख्खं कडं असतं. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, आणि घेणारा आता स्वतः देणारा होतो.

संक्रांतीला बायका वाण लुटतात. दिलेलं वाण घरातून जातं. इथे दिलं तरी जात नाही.

कडं टिकवण्याची सोयही कड्यातच असते. काही प्लाझ्मिड दोन पदार्थ बनवायला लावतात, एक विष आणि एक उतारा. विष बराच काळ टिकतं, उतारा लवकर विरतो. कडं अंगात आहे तोवर उतारा ताजा ताजा बनत राहतो आणि जंतूला काही होत नाही. वाटणीच्या वेळी एखाद्या लेकराच्या वाट्याला कडं आलंच नाही, तर त्याच्या अंगातला उतारा संपतो, विष उरतं, लेकरू मरतं. म्हणून औषध बंद केलं तरी कडं गळून पडेलच असं नाही. ‘थोडे दिवस गोळ्या बंद ठेवू, सवय मोडेल’ याला जंतूकडून आलेलं हे उत्तर आहे.

*

गुण सुटे येत नाहीत, जुडीने येतात. एका कड्यावर पाच औषधांची जनुकं शेजारीशेजारी बसलेली असतात, कारण जनुकंही उड्या मारतात: या कड्यावरून त्या कड्यावर, कड्यावरून गुणसूत्रावर. जुडीतलं एक औषध वापरलं की पाचही गुण वाचतात. सर्दीला, जी विषाणूमुळे होते, कुणी अँटिबायोटिक घेतलं, तर सर्दीचं काही होत नाही. आतड्यातल्या कोट्यवधी निरपराध जंतूंवर मात्र चाळण हलते, आणि ज्या औषधाचं नावही त्या माणसाने ऐकलेलं नाही त्याचा प्रतिकार त्याच्या पोटात राखला जातो.

औषधाच्या दुकानात काउंटरवर कात्री ठेवलेली असते. पट्टीतून चार गोळ्या कापून देतात, उरलेली पट्टी डब्यात परत जाते. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव येतं, कधी नुसती तारीख. मी स्वतः अशा चार-चार गोळ्या आणून आईला दिल्या आहेत. दोन वर्षांत तीनदा. जळजळ थांबली की आम्ही खूश. आता या ओळी लिहिताना ती कात्री मला ऐकू येते.

आईच्या रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ असं लिहिलं होतं. सेफालोस्पोरिन गटातली औषधं फोडणारं विकर. भारतात त्यामागे बहुतेक वेळा सीटीएक्स-एम-१५ हे जनुक असतं. त्याचं मूळ घराणं क्लुव्हेरा नावाच्या जंतूच्या गुणसूत्रात आहे. क्लुव्हेरा माती-पाण्यात राहतो, माणसाच्या वाटेला फारसा जात नाही. उड्या मारणाऱ्या एका डीएनएच्या तुकड्याने ते जनुक तिथून उचललं, कड्यावर आणून ठेवलं, आणि कडं फिरत फिरत जगभर गेलं. आईच्या पोटात ते कुठून आलं, कोशिंबिरीतून, पाण्यातून की मीच आणलेल्या चार गोळ्यांनी आधीपासून असलेलं वाढलं, हे सांगता येणार नाही.

*

१९२८. लंडन. सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीहून परतले आणि त्यांना बुरशीभोवती खळं दिसलं. हे शाळेत शिकलो.

त्याच शहरात काम करणाऱ्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांचा एक निबंध त्याच वर्षाच्या जानेवारीत छापून आला होता. न्यूमोनियाचे घातक जंतू त्यांनी उष्णतेने मारले, निरुपद्रवी जिवंत जंतूंमध्ये मिसळले आणि उंदराला टोचले. उंदीर मेला. त्याच्या रक्तात जिवंत, घातक जंतू होते. मेलेल्यांचं काहीतरी जिवंतांनी घेतलं होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए, हे एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखवलं.

औषध आणि त्या औषधाला हरवण्याची एक वाट, दोन्ही एका शहरातून एका वर्षात समोर आली. पुढे पेनिसिलीनला न जुमानणारे न्यूमोनियाचे जंतू आले, तेव्हा त्यांच्या जनुकांत गोधडीसारखे तुकडे जोडलेले दिसले. शेजारच्या दुसऱ्या जातींच्या मेलेल्या जंतूंचे डीएनए उचलून, आपल्यात शिवून घेतलेले. ग्रिफिथ यांनी पाहिलेली तीच रीत. ते स्वतः १९४१च्या एप्रिलमध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेले. त्याच्या दोनच महिने आधी ऑक्सफर्डमध्ये एका पोलिसाला पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं होतं. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून गाळून पुन्हा त्यालाच देत होते. तो सुधारत होता. औषध संपलं, आणि मार्चमध्ये तो गेला.

त्याच्याही आधी, १९४० साली, अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलीन फोडणारं विकर जंतूंमध्ये पाहून छापलं होतं. औषध माणसापर्यंत पोचण्याआधी त्याचा तोड हजर होता.

कारण औषध आपण बनवलेलंच नव्हतं. ते बुरशीचं होतं. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन मातीतल्या जंतूंची. जो विष बनवतो त्याला स्वतःला वाचवावं लागतं, म्हणून विष आणि बचाव एकाच घरात जन्मतात. व्हँकोमायसिनला हरवणाऱ्या जनुकांची मांडणी ते बनवणाऱ्या मातीतल्या जंतूंमध्ये जशीच्या तशी मिळते. कॅनडातल्या युकॉनमध्ये तीस हजार वर्षं गोठून पडलेल्या मातीतही २०११ साली ती जनुकं सापडली. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्या वर्षी पेनिसिलीन बनू लागलं, आणि तिथल्याच शास्त्रज्ञांना स्थानिक मातीत हॅमायसिन नावाचं औषध देणारा जंतू सापडला. त्या जंतूच्या नावात पिंपरी आहे. आपल्या पायाखालची माती अशी औषधांनी आणि त्यांच्या उताऱ्यांनी भरलेली आहे.

मग आपला दोष नाही? नाओमी दत्ता आणि व्हिक्टोरिया ह्युज यांनी १९८३ साली एक जुना संग्रह उघडला, १९१७पासून जपून ठेवलेल्या जंतूंचा, बहुतेक अँटिबायोटिकपूर्व काळातल्या. प्लाझ्मिड त्यातही भरपूर होते. त्यांच्यावर प्रतिकाराची जनुकं जवळजवळ नव्हती.

गाड्या जुन्या आहेत. माल आपल्या काळात भरला.

*

नावांबद्दल थोडं. २००८ साली स्वीडनमध्ये एका रुग्णात कार्बापेनेम, म्हणजे आपली शेवटच्या फळीतली औषधं, फोडणारं नवं विकर सापडलं. रुग्ण आधी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून नाव पडलं ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, एनडीएम-१. इथे मोठा संताप झाला. संताप समजतो, राजधानीचं नाव रोगाला कुणाला आवडेल. पण सीटीएक्स-एममधला एम म्युनिकचा आहे, आणि त्यातला पंधरावा प्रकार पहिल्यांदा दिल्लीतल्या जंतूंत मिळाला. व्हीआयएम या अशाच दुसऱ्या विकरातला व्ही इटलीतल्या व्हेरोनाचा. टीईएम या आणखी एका विकराचं नाव म्हणजे अथेन्समधल्या एका आजारी बाईच्या नावाची पहिली अक्षरं. नावावर खर्च झालेला राग पाण्यावर व्हायला हवा होता. २०११च्या अभ्यासात दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१मध्ये आणि नळाच्या ५०पैकी २ नमुन्यांत ते जनुक मिळालं. पटकीच्या जंतूतही.

जनुकाला गाव नसतं. गटाराला असतं.

*

आईला त्याच कार्बापेनेम गटातलं एर्टापेनेम लागू पडलं. रोज एक सलाईन, अर्ध्या तासाचं, दहा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या रिपोर्टवर एर्टापेनेमपुढेही आर होता. त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभा असायचा. आमची नजरानजर झाली की मला माझ्या आनंदाची लाज वाटायची.

घरी सोडताना आईने डॉक्टरांना विचारलं, “म्हणजे आता ते सगळे गेले ना हो?”

“मूत्रमार्गातले गेले, आजी. आतड्यात असतील अजून काही महिने. ते तिथे गप्प राहतात, त्रास देत नाहीत. त्यांच्यासाठी औषध घ्यायचं नाही.”

“आणि माझ्या हातचं खाल्लं तर पोरांना?”

डॉक्टर क्षणभर थांबले. म्हणाले, “हात साबणाने धुवा. नीट, वेळ देऊन. आणि मग खुशाल करा.”

त्या संध्याकाळी तिने कणीक भिजवायला घेतली. त्याआधी बेसिनपाशी बराच वेळ उभी होती. कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्या, नखं, बांगड्या वर सरकवून मनगटं. मी नळ बंद करायला गेले तर म्हणाली, “थांब, अजून व्हायचंय.”